कानाचं अ‍ॅक्युपंक्चर: बिंदू शोधणं, सुया, बिया आणि घ्यायची काळजी

सप्तपर्ण

कानावरच्या ठरावीक बिंदूंना बारीक सुईने टोचणं किंवा चिकटपट्टीखालच्या बीने दाबणं म्हणजे कानाचं अ‍ॅक्युपंक्चर. कानावर बिया चिकटवायला शिकणारे बहुतेक जण बिंदूंच्या एका रंगीत तक्त्यापासून सुरुवात करतात. कुठला बिंदू कुठे हे पाठ झालं की आपल्याला येतं, असं त्यांना वाटू लागतं. खरं तर तक्ता हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. नेमकी जागा हाताने शोधणं, दाब किती द्यायचा, सुई किती आत न्यायची आणि कोणाच्या कानाला हातच लावायचा नाही, हे सगळं त्यानंतर येतं. हा धागा त्यासाठी काढला आहे. शरीरावरच्या बिंदूंचा विषय संबंध येईल तेवढाच घेऊ.

आधी कान नीट पाहून घ्या. बाहेरची वळलेली कड म्हणजे हेलिक्स. तिच्या आत समांतर जाणारा उंचवटा म्हणजे अँटिहेलिक्स. हा वर जाऊन दोन फाट्यांत विभागतो आणि त्या दोन फाट्यांमध्ये त्रिकोणी खळगा असतो. भोकाभोवतीचा खोलगट भाग म्हणजे कोंका. हेलिक्सचा पाय कोंकात उतरतो आणि तिचे दोन भाग करतो: वरचा सिम्बा, खालचा कॅव्हम. भोकापुढचा छोटा उंचवटा ट्रेगस, त्याच्या समोरचा अँटिट्रेगस, आणि खाली मऊ पाळी. पाळीत कूर्चा नसते, बाकी जवळपास सगळीकडे असते. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

चीनच्या २००८च्या राष्ट्रीय मानकात कानावर ९३ बिंदू आहेत आणि प्रत्येकाला अक्षर-अंकाचा संकेत दिलेला आहे. त्रिकोणी खळग्याचे बिंदू टीएफ, कोंकाचे सीओ, अँटिहेलिक्सचे एएच, अँटिट्रेगसचे एटी, पाळीचे एलओ. शिकताना नावांपेक्षा हे संकेत धरून चाला. एकाच नावाचा बिंदू दोन तक्त्यांत दोन ठिकाणी सापडतो, संकेताने तो गोंधळ टळतो.

चकवा

दोन तक्त्यांत फरक का असतो? मी पाहिलेल्या एका तक्त्यात गुडघा त्रिकोणी खळग्यात आहे, दुसऱ्यात वरच्या फाट्यावर.

इंद्रवज्रा

कारण एक फ्रेंच तक्ता आहे आणि दुसरा चिनी.

आज जो उलट्या गर्भाचा नकाशा सगळीकडे दिसतो (डोकं पाळीवर, पाय वर, कणा अँटिहेलिक्सच्या बाजूने) तो फ्रान्समधल्या लियों शहरातल्या पॉल नोजिए या डॉक्टरांचा. सायटिकाच्या काही रुग्णांच्या कानावर, अँटिहेलिक्सच्या ठरावीक जागी, डागल्याचे व्रण त्यांना दिसले. डाग दिल्यावर दुखणं कमी झालं असं ते रुग्ण सांगत. ती जागा कमरेच्या मणक्यांची मानली तर बाकीचा कणा कुठे बसेल, असा विचार करत त्यांनी पूर्ण नकाशा मांडला. १९५६ साली मार्सेच्या परिषदेत तो सादर झाला, १९५७ साली जर्मन अ‍ॅक्युपंक्चर नियतकालिकात छापून आला आणि १९५८ साली चीनमध्ये पोहोचला. तिथे नानजिंगच्या लष्करी वैद्यकीय पथकाने सुमारे २००० रुग्णांच्या कानांवर तो पडताळला आणि त्यात स्वतःचे बिंदू घातले. शनमेन (मन शांत करणारा मानला जाणारा बिंदू), यकृत, मूत्रपिंड, त्रिदाह (चिनी वैद्यकाने मानलेला एक अवयव) ही मांडणी तिथून वाढली.

त्यामुळे कण्याचे बिंदू दोन्हींत जवळजवळ जुळतात, पण गुडघा, मूत्रपिंड, गर्भाशय जुळत नाहीत. चिनी मानकात गुडघा वरच्या फाट्याच्या मधल्या तिसऱ्या भागात (एएच४), नोजिएंकडे त्रिकोणी खळग्यात. चिनी मूत्रपिंड सिम्बामध्ये उघड्यावर आहे, नोजिएंचं हेलिक्सच्या वळणाखाली लपलेलं. एका पद्धतीचा तक्ता आणि दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक एकत्र वापरू नये.

चकवा

म्हणजे "२५०० वर्षांची कर्णचिकित्सा" असं लिहितात ते चूक?

इंद्रवज्रा

शरीरावरच्या सुयांचा इतिहास जुना आहे, कानाचा नकाशा नाही. 'ह्वांगदी नेइजिंग' या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाच्या 'लिंगशू' भागात कान आणि वाहिन्या (शरीरात प्राणशक्ती वाहते असे मानलेले मार्ग) यांचा संबंध सांगितला आहे, कानावर डाग देणं आणि टोचणं यांचेही जुने उल्लेख आहेत. पण अवयवांचा सविस्तर नकाशा १९५०च्या दशकातलाच. आणि खुद्द सुयांबद्दलही जपून बोलायला हवं. चीनमधल्या मावांगदुईच्या इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावरची हस्तलिखितं मिळाली. त्यांत ११ वाहिन्या आहेत, पण उपाय आहे तो दवण्याच्या जातीच्या वनस्पतीने शेक देण्याचा. ३६१ बिंदू आणि १४ वाहिन्या हे आजचं रूप बसायला पुढची कित्येक शतकं लागली.

कानाची पद्धत नवी आहे म्हणून ती कमी ठरत नाही. पण तिला प्राचीनतेचा आधार देऊन विकणाऱ्यांपासून दूर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्तपर्ण

सहमत. आता बिंदू शोधण्याबद्दल, कारण नव्वद टक्के कौशल्य तिथेच आहे.

तक्ता फक्त विभाग दाखवतो. त्या विभागात सर्वांत दुखरी जागा कुठली, हे प्रत्येक कानावर वेगळं शोधावं लागतं. क्रम असा ठेवा.

उजेडात कान पाहा, कोरडा. पुसायच्या आधी पाहा, कारण चोळल्यावर सगळाच कान लाल होतो आणि खुणा लपतात. लाली, पांढुरका ठिपका, खवले, फुगलेली बारीक रक्तवाहिनी, छोटी गाठ, यांची नोंद घ्या. तीळ, मुरूम, जुना टोचल्याचा व्रण हे बाजूला काढा.

मग शोधकाडीने चाचपा. टोक गोल, सुमारे दीड-दोन मिलिमीटर व्यासाचं. स्प्रिंगची काडी असेल तर उत्तम, कारण दाब प्रत्येक ठिकाणी सारखा राहतो. नवशिक्यांचं गणित इथेच बिघडतं: ज्या जागी बिंदू असावा असं वाटतं तिथे ते नकळत जोरात दाबतात, रुग्ण "आई गं" म्हणतो, आणि बिंदू सापडला असं वाटतं. विभागाच्या कडेपासून मध्याकडे या, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद, तोच दाब. रुग्णाच्या शब्दांपेक्षा चेहरा पाहा. भुवई आक्रसते, डोळा मिटतो, मान मागे जाते, ती जागा. लगतच्या जागांशी तुलना करून खात्री करा.

विजेवर चालणारा शोधक त्वचेचा रोध मोजतो. घाम, ओला स्पिरिटचा बोळा किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबणं, या तिन्हींनी खोटे बिंदू वाजतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर सगळा कानच वाजतो. कान आणि रुग्णाचा हात दोन्ही कोरडे हवेत.

निशिगंध

यात भर. कूर्चेच्या कडेवर कुणाच्याही कानाला दाबलं की दुखतं, विशेषतः अँटिहेलिक्सच्या धारेवर. दुसऱ्या कानावर तीच जागा त्याच दाबाने तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आता बियांची कृती, कारण घरी लोक तेच करणार आहेत.

चिनी औषधांत वांग बु ल्यू शिंग म्हणतात त्या वॅकेरियाच्या बिया वापरतात. गोल, कडक, गुळगुळीत, दोन मिलिमीटरच्या आसपास. चिकटपट्टीचा सुमारे ६ मिलिमीटरचा चौकोन, मधोमध एक बी. बाजारात तयार पट्ट्या मिळतात. मोहरी वापरू नका. ती दाबाने फुटते आणि त्वचेला झोंबते.

कान स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. डोक्याला तेल लावलेलं असेल तर पट्टी तासाभरात सुटते, म्हणून त्या दिवशी तेल नको. चिमट्याने पट्टी उचला, बी बिंदूवर टेकवा, मग कडा दाबा. एका वेळी एका कानावर ४ ते ६ बिंदू पुरे. दहा-बारा बिया लावून मिळत काही नाही, रुग्ण कुठलीच नीट दाबत नाही.

दाबणं दिवसातून ३ ते ५ वेळा, प्रत्येक बिंदू अर्धा ते एक मिनिट. अंगठा मागे, तर्जनी पुढे, सरळ दाब. चोळायचं नाही. चोळल्याने बीखालची त्वचा सोलते, आणि तिथून सगळा त्रास सुरू होतो. बरोबर दाब म्हणजे ठणक, ऊब किंवा ताण जाणवावा, असह्य कळ नव्हे.

थंडीत ३ ते ५ दिवस ठेवा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत काढा. मग दुसरा कान. मध्ये एक-दोन दिवस कान मोकळा ठेवला तर त्वचा टिकते. पट्टीखाली खाज, पाणी किंवा लालसर चौकोन दिसला तर तो चिकटद्रव्याचा चट्टा. कागदी पट्टी वापरून पाहा, नाहीतर थांबा.

दर्यावर्दी

बिंदूंचे नेमके गट कुणी सांगाल का? कंबरदुखी आणि झोप, या दोन तक्रारी सर्वांत जास्त असतात.

सप्तपर्ण

कंबर: कमरेचे व त्रिकास्थीचे मणके (एएच९), शनमेन (टीएफ४: त्रिकोणी खळग्याच्या मागच्या तिसऱ्या भागाचा वरचा अर्धा), मूत्रपिंड (सीओ१०), सबकॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या आतल्या भागाच्या नावाचा बिंदू (एटी४: अँटिट्रेगसच्या आतल्या बाजूला). पाय दुखत असेल तर खालच्या फाट्यावरचा सायटिक (एएच६). एएच९ शोधताना अँटिहेलिक्सच्या धारेवर आणि तिच्या मागच्या उतारावर दोन्ही ठिकाणी पाहा. कानाच्या पाठीमागे बरोबर समोरासमोर दुसरी बी लावली तर दाब जास्त परिणामकारक होतो.

झोप: शनमेन, हृदय (सीओ१५: कॅव्हमच्या बरोबर मध्यभागी खोलगट), सबकॉर्टेक्स, ऑक्सिपुट, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागाचा बिंदू (एटी३). शेवटचं दाबणं झोपायच्या अर्धा तास आधी.

कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर कान-बिया काही नाही. त्याच दिवशी रुग्णालय.

निशिगंध

सुयांबद्दल लिहिते. ज्यांनी शिक्षण घेतलेलं नाही त्यांनी हे स्वतः करू नये, पण रुग्ण म्हणून काय पाहायचं ते कळावं म्हणून सविस्तर.

कानासाठी ०.२० ते ०.२५ मिलिमीटर जाडीची, १३ मिलिमीटर लांबीची, एकदाच वापरायची निर्जंतुक सुई. शरीरावर वापरतात ती ०.२५ × ४० किंवा ०.३० × ४० इथे नको. कान आधी आयोडीनने, मग ७५ टक्के स्पिरिटने पुसून वाळू देतात. डाव्या हाताने कान मागून आधाराला धरतात. सुई फक्त १ ते २ मिलिमीटर आत: त्वचा ओलांडून उभी राहील इतपत, कूर्चा आरपार कधीच नाही. २० ते ३० मिनिटं ठेवतात. काढल्यावर कोरड्या बोळ्याने अर्धा-एक मिनिट दाब, कारण कानातून थेंबभर रक्त येतंच. काढलेल्या सुया मोजून कडक डब्यात. केसांत लपलेली एखादी सुई राहणं हा नेहमीचा घोटाळा आहे, म्हणून घालतानाची आणि काढतानाची संख्या कागदावर लिहायला हवी.

रुग्ण उपाशी, घाबरलेला किंवा खूप थकलेला असेल तर चक्कर येते. चेहरा पांढरा, थंड घाम, जांभया ही पहिली लक्षणं. सगळ्या सुया लगेच काढायच्या, आडवं झोपवायचं, पाय उंच, शुद्धीवर असेल तर कोमट पाणी. पहिल्यांदा येणाऱ्याला झोपवूनच सुया घालाव्यात.

आत राहणाऱ्या सुयांबाबत मी कडक आहे. दाबसुया आणि बाणाच्या टोकासारख्या अर्धस्थायी सुया काही दिवस कानात राहतात, म्हणजे तितके दिवस त्वचेला उघडं भोक. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या आवरणातूनच होतं. तिथे स्युडोमोनास हा जंतू शिरला की आवरणाखाली पू धरतो, आवरण कूर्चेपासून सुटतं, कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. ओळखायचं कसं: वरचा कान लाल, गरम, सुजलेला, स्पर्शही सोसवत नाही, आणि पाळी मात्र जशीच्या तशी. पाळी वाचलेली दिसली की कूर्चेचं आवरण सुजलं आहे असं धरा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. साधं अमॉक्सिसिलिन या जंतूवर चालत नाही. घरी हळद-तेल लावत दोन दिवस घालवणं म्हणजे कान घालवणं.

हृदयाच्या झडपेचा आजार, कृत्रिम झडप, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, ताब्यात नसलेला मधुमेह: यांना आत राहणारी सुई नको. झडपेच्या रुग्णांत अशा सुयांमुळे हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत.

दर्यावर्दी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर?

निशिगंध

बिया चालतात, हलक्या दाबाने. बारीक सुई अनुभवी हातांनी, आणि काढल्यावर दाब जास्त वेळ. कानाच्या टोकातून ५-१० थेंब रक्त काढण्याची जी पद्धत आहे ती मात्र नाहीच. गरोदरपणात आतली जननेंद्रियं (टीएफ२), ओटीपोट आणि अंतःस्रावी (सीओ१८) हे बिंदू परंपरेने टाळतात, शरीरावर हेगू (अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये) आणि सान्यिन्ज्याव (घोट्याच्या वर, पायाच्या आतल्या बाजूला) टाळतात तसेच. पूर्वी गर्भपात झाला असेल तर कानाचं काहीच करू नये, असंच बहुतेक शिकवतात.

चकवा

एवढं सगळं करून उपयोग किती? जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

इंद्रवज्रा

स्पष्टच लिहितो. शरीरावरच्या सुयांपासून सुरुवात करू, कारण तिथे मोठ्या चाचण्या आहेत. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी सुधारणा: खऱ्या बिंदूंवर ४७.६ टक्के, बिंदू नसलेल्या जागी उथळ सुया घातलेल्यांत ४४.२ टक्के, नेहमीच्या उपचारांवर २७.४ टक्के. म्हणजे सुया घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच जास्त आराम पडला, पण नेमका बिंदू धरला की नाही याने फारसा फरक पडला नाही.

कानाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण व्यसनमुक्तीचं. १९७२ साली हाँगकाँगचे मेंदूशल्यविशारद एच. एल. वेन शस्त्रक्रियेतली वेदना कमी करण्यासाठी विजेच्या सुया वापरत होते. अफूचं व्यसन असलेल्या रुग्णांची तलफही त्याने उतरते असं त्यांना दिसलं. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयात १९७४पासून हे सुरू झालं. पुढे विजेचा वापर बंद झाला आणि दोन्ही कानांवर पाच बिंदू ठरले: सिंपथेटिक (आपोआप चालणाऱ्या चेतासंस्थेचा), शनमेन, मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस. खुर्च्यांवर गोल बसून, न बोलता, ३०-४५ मिनिटं. १९८५ साली या पद्धतीचा प्रसार करणारी नाडा ही अमेरिकी संघटना झाली. २००० साली ८२ रुग्णांची येल विद्यापीठातली छोटी चाचणी कोकेनसाठी उत्साहवर्धक आली. २००२ साली ६२० जणांच्या मोठ्या चाचणीत मात्र पाच बिंदू, हेलिक्सवरच्या खोट्या सुया आणि नुसता आरामाचा व्हिडिओ, तिन्ही गट सारखेच निघाले.

म्हणून "कानातल्या सुईने दारू सुटते" असं सांगणं चूक आहे. उपचार चालू असताना माणूस शांत बसू शकतो आणि पुढच्या दिवशी परत येतो, एवढ्यासाठी ती पद्धत केंद्रांनी ठेवली आहे, आणि ते मला पटतं.

सप्तपर्ण

एका मुद्द्यावर वाद घालतो. कानावर "खोटा बिंदू" निवडणंच अवघड आहे. प्युकर आणि फिलर यांच्या २००२च्या विच्छेदन अभ्यासात सिम्बाची संवेदना पूर्णपणे व्हेगस (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारा चेतातंतू) याच्या फाट्याकडे असल्याचं दिसलं. पाळीला मानेतून येणारा तंतू, ट्रेगसच्या पुढच्या भागाला चेहऱ्याच्या संवेदनेचा. सिम्बात चार मिलिमीटर बाजूला टोचलं तरी त्याच तंतूला चेतना मिळते. मग दोन्ही गटांत परिणाम सारखा येणारच.

इंद्रवज्रा

मान्य, पण त्याचा दुसरा अर्थही घ्यावा लागेल. सिम्बातला कुठलाही बिंदू सारखाच चालत असेल, तर मूत्रपिंड इथे आणि स्वादुपिंड तीन मिलिमीटरवर, हा नकाशा तितका नेमका उरत नाही. शिवाय २००२च्या चाचणीतल्या खोट्या सुया हेलिक्सवर होत्या, सिम्बात नव्हत्या. मज्जातंतूंचे पट्टे हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं.

सप्तपर्ण

पट्टे मान्य. तरी पट्ट्यातली सर्वांत दुखरी जागा शोधण्याची सवय मी सोडणार नाही. वेदनेच्या तक्रारींत तिथेच फरक पडतो असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकी हवाई दलाच्या रिचर्ड नीम्टझो यांनी २००१ साली मांडलेल्या रणांगण पद्धतीत पाच बिंदू क्रमाने घेतात. प्रत्येक सुईनंतर रुग्णाला चालायला लावून वेदनेचा आकडा विचारतात आणि आकडा १ किंवा खाली आला की थांबतात. हे टप्प्याटप्प्याने तपासणं बियांच्या वेळीही करावं. एक बी लावा, दाबा, वाकायला सांगा, मग दुसरी.

दर्यावर्दी

महाराष्ट्रात उपचार घेताना काय तपासायचं? आणि डॉ. कोटणिसांनी हे भारतात आणलं असं ऐकलंय, ते खरं का?

इंद्रवज्रा

नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८च्या वैद्यकीय पथकातले शल्यचिकित्सक होते आणि १९४२ साली चीनमध्येच वारले. त्याच पथकातले बिजॉयकुमार बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, सुया शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. भारतातली सुरुवात तिथून.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा. सुयांची पाकिटं तुमच्यासमोर फोडली जातात का ते पाहा. कान पुसल्यावर वाळायला वेळ देतात का, आणि कुठली औषधं चालू आहेत हे विचारतात का, तेही पाहा. "सगळ्या गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्याकडून उठून निघा.

चकवा

शेवटची शंका. एमआरआय असेल तर बिया काढाव्या लागतात का?

निशिगंध

वनस्पतीच्या बियांना धातू नाही, पण कानावर पट्टी दिसली की तंत्रज्ञ थांबवणारच, म्हणून काढूनच जा. सोनेरी मुलाम्याच्या गोळ्या, चुंबकी गोळ्या, दाबसुया आणि अर्धस्थायी सुया मात्र आधी काढल्याच पाहिजेत, आणि अर्धस्थायी सुई केसांत किंवा उशीवर गळून पडली असेल तर ती सापडल्याशिवाय "काढली" असं सांगू नका. पेसमेकर असलेल्यांनी चुंबकी गोळ्या आणि विजेच्या सुया दोन्ही टाळाव्यात. काढताना पट्टीची कड खोबरेल तेलाने भिजवून वरून खाली सोलायची, कान धुवून दुसऱ्या दिवशी त्वचा तपासायची.